माशांना आमंत्रण

रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड नावाचे ठिकाण आहे. तेथे काळ नदीच्या पात्रात एक खोल डोह आहे. या डोहातील मासे देवीचे आहेत, असे गावकरी मानतात. त्यामुळे ते मासे कोणी पकडत नाही. येणारेजाणारे लोक काठावरून त्यांना चुरमुरे टाकतात आणि मासे वर येऊन ते खातात.

तुमच्या गावाजवळ नदी किंवा तळे असेल, तर तुम्हीही कधीतरी माशांना पोळीचे तुकडे टाकले असतील. तेव्हा काय दिसते? तुकडा पाण्यात पडला, की आधी बोटाएवढे मासे धावत येतात. त्यांची झुंबड उडते. मोठे मासे मात्र लगेच येत नाहीत. ते खालीच राहतात, दूर राहतात. आपण गप्प उभे राहिलो आणि थोडे थोडे खाणे टाकत राहिलो, तर बऱ्याच वेळाने एखादी मोठी काळी सावली हळूच पुढे सरकते.

मोठा मासा उशिरा का येतो? तो कशाची वाट पाहतो? त्याला जवळ बोलवायचे, तर काय करावे लागते? जगभर गळ टाकून मासे पकडणाऱ्या लोकांना हेच प्रश्न पडतात. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी आपण एका दूरच्या नदीकाठी जाऊ.

ही नदी आहे अमेरिकेतील सेंट लॉरेन्स. अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांच्या मध्ये पाच प्रचंड सरोवरे आहेत. त्यांपैकी ऑन्टॅरिओ सरोवरातून सेंट लॉरेन्स नदी निघते आणि पुढे अटलांटिक महासागराला मिळते. वाटेत काही अंतरापर्यंत ती दोन्ही देशांची सीमा आहे. एका काठावर अमेरिकेचे न्यूयॉर्क राज्य, तर दुसऱ्या काठावर कॅनडा. न्यूयॉर्क राज्याच्या काठावर वॉडिंग्टन नावाचे एक छोटे गाव आहे. गाव लहान असले, तरी गळ टाकणाऱ्यांमध्ये त्याचे नाव मोठे आहे. सन २००५ मध्ये येथे कार्प मासे पकडण्याची जागतिक स्पर्धा झाली होती. त्या वेळी निरनिराळ्या देशांतले लोक आपापल्या काठ्या घेऊन या नदीच्या काठावर बसले होते.

कार्प हा मासा आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडे बाजारात 'सायप्रिनस' नावाचा जो मासा मिळतो, तो हाच. त्याचे खवले मोठे व सोनेरी तपकिरी असतात. तोंडाजवळ दोन्ही बाजूंना दोन दोन, अशा चार मिशा असतात. सेंट लॉरेन्स नदीत आठ-दहा किलो वजनाचे कार्प सापडतात. काही तर त्याहूनही मोठे असतात.

गंमत अशी, की हा मासा मूळचा अमेरिकेचा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातून अनेक लोक अमेरिकेत जाऊन राहिले. युरोपात ते कार्प आवडीने खात. अमेरिकेच्या सरकारने १८७१ साली माशांसाठी एक खाते सुरू केले होते. स्पेन्सर बेअर्ड नावाचे शास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. या खात्याने १८७७ साली जर्मनीहून ३४५ कार्प आणवले. ते मासे बाल्टिमोर शहरातील ड्रुइड हिल नावाच्या बागेच्या तळ्यांत ठेवले. पुढे त्यांतले काही राजधानी वॉशिंग्टनमधील तळ्यांत नेले. तेथे त्यांची पिल्ले वाढली. मग पाण्याच्या भांड्यांत घालून ती रेल्वेने ठिकठिकाणी पाठवण्यात आली. लोकांनीही ती हौसेने मागून घेतली. काही वर्षांतच कार्प देशभर पसरले.

पुढे मात्र लोकांच्या लक्षात आले, की हा पाहुणा फार उकरतो. तळाचा चिखल उकरून तो खाणे शोधतो. त्यामुळे पाणी गढूळ होते. पाणवनस्पती उपटल्या जातात. त्या वनस्पतींच्या आधाराने राहणाऱ्या इतर माशांची गैरसोय होते. एका पाण्यातला मासा दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडणे ही किती विचार करण्याजोगी गोष्ट आहे, हे यावरून कळते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा पुन्हा संबंध येणार आहे.

आता मोठ्या कार्पला जवळ कसे बोलवतात, ते पाहू. त्याआधी कार्प कसा खातो, हे समजून घेतले पाहिजे. ज्याला जेवायला बोलवायचे, त्याची आवडनिवड ठाऊक नको का?

कार्पच्या तोंडात दात नसतात. ते घशात असतात. तो आपले तोंड नळीसारखे पुढे काढतो आणि तळावरचे खाणे चिखलासकट आत ओढून घेतो. तोंडातल्या तोंडात तो निवड करतो. खाण्याजोगे असेल ते आत ठेवतो. माती, खडे वगैरे बाहेर फुंकून टाकतो. मग घशातल्या दातांनी तो गोगलगायीचे शंख किंवा कठीण दाणेसुद्धा फोडतो. त्याच्या मिशांना आणि ओठांना चव कळते. म्हणून गढूळ पाण्यात, अंधारातही त्याला खाणे सापडते.

आणखी एक नवल ऐका. कार्पला आपल्यासारखे जठर नसते. खाणे साठवून ठेवायला पोटात पिशवीच नाही! त्यामुळे तो एकदाच पोटभर जेवून स्वस्थ बसत नाही. तो थोडे खातो, पुढे जातो, पुन्हा थोडे खातो. दिवसभर त्याचे हेच चालू असते. पाणी उबदार असले, की त्याची भूक वाढते. हिवाळ्यात पाणी गार पडले, की भूक मंदावते. म्हणून सेंट लॉरेन्सच्या काठावर कार्पसाठी गळ टाकणारे लोक मुख्यतः उन्हाळ्याच्या दिवसांत दिसतात.

कार्पचे कानही तिखट असतात. त्याचे कान बाहेरून दिसत नाहीत. पण शरीरात हवेची एक पिशवी असते आणि ती बारीक हाडांनी आतल्या कानाशी जोडलेली असते. पाण्यातला आवाज त्या पिशवीवर आदळतो आणि हाडांमधून कानापर्यंत पोहोचतो. काठावर कोणी धपधप पाय आपटत चालले, तर ते कार्पला कळते.

आता मोठा मासा सावध का, हे तुमच्या ध्यानात आले असेल. मासा मोठा होतो तो वर्षानुवर्षे जगल्यामुळे. तेवढ्या वर्षांत त्याने पक्षी पाहिलेले असतात, जाळी पाहिलेली असतात. कदाचित एकदा-दोनदा गळही त्याच्या ओठाला लागलेला असतो. जे घाईघाईने प्रत्येक घासावर तुटून पडले, ते मासे बहुधा मोठे होईपर्यंत टिकलेच नाहीत. म्हणून मोठ्या माशाला बोलवायचे, तर त्याची भीती आधी घालवावी लागते.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे आमिष आणि दुसरी म्हणजे सुटा चारा. आमिष म्हणजे गळाला लावलेले खाणे. सुटा चारा म्हणजे गळाशिवाय, नुसताच पाण्यात टाकलेला चारा. आमिष एकच असते. सुटे दाणे पुष्कळ असतात. मासा येतो, एक दाणा खातो. काही होत नाही. दुसरा खातो. तरी काही होत नाही. त्याला वाटते, ही जागा चांगली आहे, येथे भय नाही. तो तेथेच रेंगाळतो. इतर मासेही येतात. दाणे खाता खाता केव्हातरी आमिषाचा दाणाही तो तोंडात घेतो.

असा चारा कशाचा करतात? अमेरिकेत मका भरपूर पिकतो. त्यामुळे कार्पसाठी मक्याचे दाणे सर्वांत सोयीचे. पण वाळलेला मका तसाच टाकून चालत नाही. वाळलेला दाणा पाण्यात फुगतो. आपण रात्री मटकी भिजत घातली, तर सकाळी ती केवढी फुगते! कोरडा दाणा माशाच्या पोटात जाऊन फुगला, तर त्याला इजा होऊ शकते. म्हणून मका आधी एक दिवस भिजत घालतात. मग तो चांगला शिजवतात. दाणा बोटांनी दाबल्यावर दबला, म्हणजे तो तयार झाला. ज्याला पकडायचे, त्याच्या पोटाचीही काळजी घ्यायची, हा या कामातला पहिला नियम आहे.

मक्याबरोबर एक पीठही कालवतात. त्यात मक्याचे पीठ, पावाचा चुरा, ओट नावाच्या धान्याचा भरडा असे पदार्थ असतात. त्यात थोडी काकवी घालतात. सगळे पाण्याने ओलसर करतात. हे पीठ फार सैल नको आणि फार घट्टही नको. मूठ वळली की लाडू व्हावा आणि पाण्यात पडल्यावर तो थोड्या वेळाने सुटावा, असे ते असावे लागते. आपली आई लाडू वळताना तूप बेताने घालते ना, तसेच हे!

अमेरिकेत मार्जारमासेही गळाने पकडतात. मांजरासारख्या लांब मिशा असल्यामुळे त्यांना हे नाव पडले. त्यांतल्या एका जातीच्या माशाच्या तर अंगभर चव ओळखणारे बारीक बारीक ठिपके असतात. जणू सगळे अंग म्हणजे जीभच! टेक्साससारख्या राज्यात या माशांसाठी काही लोक ज्वारी वापरतात. होय, आपली भाकरीची ज्वारी! तेथे ती जनावरांच्या चाऱ्यासाठी पिकवतात. ज्वारी पाण्यात भिजवून काही दिवस आंबवली, की तिला उग्र वास सुटतो. आपण नाक दाबून धरू. पण मार्जारमाशाला तो वास दुरून ओढून आणतो.

आता समजा, आपण जून महिन्यातल्या एका सकाळी वॉडिंग्टनच्या काठावर उभे आहोत. नदीचे पात्र विस्तीर्ण आहे. काठाजवळ पाणी संथ आहे. तेथे दोन माणसे गळ टाकायला आली आहेत. एक आहे तरुण आणि दुसरे आहेत म्हातारे आजोबा. दोघांजवळ सारख्याच काठ्या आहेत. दोघांजवळ शिजवलेल्या मक्याची एकेक बादली आहे.

तरुण घाईत आहे. "जास्त चारा टाकला, की जास्त मासे येतील," असे त्याला वाटते. तो अर्धी बादली मका एकदम पाण्यात ओततो. 'धबाक्' असा आवाज होतो. मग तो काठावर येरझारा घालतो. दर पाच मिनिटांनी गळ ओढून पाहतो.

आजोबा आधी गळ टाकतच नाहीत. ते काठावर बसून पाण्याकडे पाहत राहतात. कोठे बुडबुडे वर येत आहेत? कोठे पाणी ढवळल्यासारखे गढूळ दिसते? कोठे मासा उसळी मारतो? कार्प तळ उकरू लागला, की चिखलातले बुडबुडे वर येतात. तेथे मासे चरत आहेत, ही त्याची खूण. मग ते दोऱ्याला नुसते वजन बांधून पाण्यात टाकतात आणि तळ चाचपतात. पाणी किती खोल आहे, तळ मऊ आहे की खडकाळ, शेवाळ आहे की नाही, हे त्यांना हाताला कळते. एवढे झाल्यावर ते जागा ठरवतात.

आता ते खिशातून काय काढतात? गलोल! तुम्ही चिंचा पाडायला वापरता, तशीच. तिच्यात दगडाऐवजी मक्याचे दहा-बारा दाणे ठेवतात आणि ठरवलेल्या जागी नेमके उडवतात. नदीला ओढ आहे. दाणे सरळ खाली जात नाहीत; प्रवाहाबरोबर थोडे पुढे वाहतात. म्हणून ते जागेच्या थोडे वरच्या बाजूला दाणे टाकतात. म्हणजे तळाशी पोहोचेपर्यंत ते बरोबर ठरलेल्या ठिकाणी येतात. दहा-पंधरा मिनिटे झाली, की पुन्हा मूठभर दाणे. पुन्हा वाट पाहणे. पुन्हा मूठभर दाणे.

थोड्या वेळाने ते गळ तयार करतात. दोऱ्याच्या टोकाजवळ एक वजन असते. त्याभोवती ते पिठाचा गोळा थापतात. गळावर मक्याचा दाणा सरळ टोचत नाहीत. गळाला एक बारीक दोरा बांधून त्या दोऱ्यात दोन दाणे ओवतात. ही युक्ती इंग्लंडमधल्या लोकांनी शोधून काढली. त्यामुळे दाणा मोकळा राहतो आणि इतर दाण्यांसारखाच दिसतो. कार्पने तो तोंडात ओढून घेतला, की मागोमाग गळही आत जातो. कार्प दाणा बाहेर फुंकू लागला, की गळाचे टोक ओठाला लागते. पाण्यात पिठाचा गोळा विरघळतो, त्याचा वास पसरतो आणि आमिषाभोवती जेवणाचे पान मांडल्यासारखे होते.

आधी लहान मासे येतात. पिठाचे कण त्यांना पुरतात. त्यांची गडबड पाहून मोठे मासे कुतूहलाने जवळ येतात. मक्याचा अख्खा दाणा लहान माशांच्या तोंडात मावत नाही. तो मोठ्यांसाठी शिल्लक राहतो. बारीक पीठ बोलावण्यासाठी आणि मोठा दाणा मोठ्यांसाठी, अशी ही योजना असते.

दोन तास होतात. तरुणाच्या गळाला काहीच लागत नाही. का बरे? त्याने ओतलेला मका एका ढिगात पडला आहे. आवाजाने मासे दूर पळाले. जे परत आले, त्यांच्यासमोर हजारो दाणे आहेत. त्या हजारांत आमिषाचे दोन दाणे कोणाला सापडणार? शिवाय कार्पला जठर नाही, हे आपण पाहिलेच. थोडे खाऊन तो पुढे जातो. समोर डोंगराएवढे जेवण वाढले, म्हणून तो जास्त जेवत नाही.

इकडे आजोबांची काठी एकदम वाकते. दोऱ्याचे चाक 'घर्र' करून फिरू लागते. आजोबा घाई करत नाहीत. मासा ओढतो तेव्हा ते दोरा सोडतात. मासा थकला, की हळूच गुंडाळतात. ओढाताण केली, तर दोरा तुटेल आणि गळ माशाच्या तोंडातच राहील. दहा मिनिटांनी पाण्यावर सोनेरी पाठ दिसते. आजोबा लांब दांडीच्या जाळीच्या झोळीत मासा अलगद घेतात.

आता पाहा, ते काय करतात. ते आधी आपले हात पाण्यात भिजवतात. एक जाड मऊ गादीही ओली करतात आणि मासा तिच्यावर ठेवतात. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. त्या थरामुळे त्याचा रोगांपासून बचाव होतो. कोरड्या हाताने धरले, तर तो थर निघून जातो. आजोबांच्या गळाला उलटा काटा नाही, म्हणून तो सहज निघतो. ते माशाचे वजन करतात. साडेनऊ किलो! मग ते त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवतात. मासा कल्ले हलवतो, शेपटी मारतो आणि निघून जातो.

"सोडून दिला?" तुम्ही विचाराल. होय. तेथे कार्प पकडणारे बरेचसे हौशी लोक असेच करतात. त्यांना मासा खायचा नसतो. आपली युक्ती आणि माशाचा सावधपणा यांत कोण जिंकते, हे पाहण्यात त्यांना आनंद वाटतो. काही लोक मात्र मासा खाण्यासाठी नेतात. तेही गैर नाही. आपल्याकडेही कितीतरी घरांत मासे हेच अन्न आहे. काही जणांना वाटते, की नुसत्या खेळासाठी माशाला त्रासच देऊ नये. तुम्हांला काय वाटते, याचा विचार जरूर करा. एवढे मात्र सर्वांनाच मान्य होईल, की माशाला विनाकारण इजा होता कामा नये.

दुपार झाली. तरुण कंटाळून बादली उचलतो. उरलेला मकाही तो पाण्यात ओतणार, इतक्यात आजोबा त्याला थांबवतात. ते का थांबवतात? न खाल्लेले धान्य तळाशी सडते. सडण्यासाठी पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. मासे श्वासासाठी तोच प्राणवायू वापरतात. मोठ्या नदीत पाणी वाहत असते, म्हणून तेथे हे लगेच जाणवत नाही. पण लहान तळ्यात पुष्कळ चारा सडला, तर पाण्याला घाण वास येतो आणि मासे गुदमरू शकतात. ज्यांना आपण जेवायला बोलावले, त्यांचे घरच आपण बिघडवून टाकतो.

म्हणूनच अमेरिकेत याविषयी नियम आहेत. तेथील राष्ट्रीय उद्यानांमध्ये गोड्या पाण्यात माशांना जमवण्यासाठी चारा टाकायला मनाई आहे. राज्याराज्यांचे नियमही वेगवेगळे आहेत. कोठे सुटा चारा टाकू देतात, कोठे नाही. गळ टाकण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. न्यूयॉर्क राज्यात १६ वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही. पण नियम त्यांनाही पाळावेच लागतात.

आमिष म्हणून जिवंत लहान मासे वापरण्यावरही अनेक ठिकाणी बंधने आहेत. कारण उघड आहे. समजा, कोणी एका तळ्यातले लहान मासे आमिषासाठी दुसऱ्या तळ्यावर नेले आणि उरलेले तेथेच सोडून दिले. ते मासे तेथे वाढले, तर? आता १८७७ सालचे ते ३४५ कार्प आठवा. त्यांच्या पिल्लांनी किती पाणी गढूळ केले! अमेरिकेतील यूटा राज्यात यूटा नावाचे सरोवर आहे. तेथे 'जून सकर' नावाचा मासा राहतो. तो दुसऱ्या कोणत्याही सरोवरात मूळचा आढळत नाही. कार्पमुळे त्याला लपायला पाणवनस्पती उरल्या नाहीत आणि तो नाहीसा होण्याच्या बेतात आला. म्हणून २००९ सालापासून तेथे जाळी लावून मोठ्या प्रमाणावर कार्प काढावे लागले. इतरही बरेच उपाय केले, तेव्हा कोठे जून सकरची संख्या सुधारू लागली. आणताना मूठभर होते. काढताना मात्र वर्षे लागली.

आपल्याकडेही गळ टाकणारे लोक आहेत. मुंबईच्या पवई तलावावर तर त्यांची एक संस्थाच आहे. आपल्या कटला, रोहू आणि मृगळ या माशांच्या सवयीही जाणून घेण्याजोग्या आहेत. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो. त्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. रोहू मधल्या थरात खातो. मृगळ तळाशी खातो. त्याचे तोंड खालच्या बाजूला असते. म्हणजे माशाचे नुसते तोंड पाहिले, तरी त्याचे जेवणाचे पान कोठे मांडायचे, ते कळते. जुने जाणते लोक हे सारे पाहून पाहून शिकले.

तुम्हीही पाहून शिका. पण एक सूचना ध्यानात ठेवा. नदीवर किंवा तळ्यावर एकट्याने कधीही जाऊ नका. घरातले मोठे माणूस बरोबर असू द्या. गळ नको, काठी नको. शिळ्या पोळीचे चार तुकडे पुरेत. ते अगदी लहान लहान करा. एका जागी आवाज न करता बसा. एक तुकडा टाका आणि थांबा. कोण आधी येते? कोण मागे राहते? वरून कोण खातो, तळाशी कोण खातो? तुकडे संपेपर्यंत दुसरा तुकडा टाकू नका.

पहिल्या दिवशी कदाचित लहान मासेच येतील. दुसऱ्या दिवशीही तसेच होईल. पण आमंत्रण थोडे थोडे, न चुकता आणि शांतपणे दिले, तर एखाद्या दिवशी ती मोठी सावली पुढे येईल. ती दिसली, की हालू नका. मोठ्या माशाने तुमच्यावर विश्वास ठेवला, असे समजा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सेंट लॉरेन्स नदी कोणत्या सरोवरातून निघते?
(आ) १८७७ साली जर्मनीहून किती कार्प आणले?
(इ) कार्पचे दात कोठे असतात?

२. कारणे लिहा.
(अ) मका शिजवल्याशिवाय माशांना टाकू नये.
(आ) आजोबांनी मासा धरण्यापूर्वी हात भिजवले.
(इ) तरुणाच्या गळाला मासा लागला नाही.

३. जोड्या लावा.
कटला — तळ
रोहू — वरचा थर
मृगळ — मधला थर

४. आमिष आणि सुटा चारा यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.

५. उपक्रम : मोठ्या माणसांबरोबर जवळच्या नदीवर किंवा तळ्यावर जा. माशांना पोळीचे तुकडे टाका आणि काय दिसले, ते पाच वाक्यांत लिहा.